पाण्याकडे पळालेलं जोडपं

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. जुन्नर भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी धरणग्रस्तांच्या वसाहतीतला एक आदिवासी बाप ठाण्यात घुसला. “सायेब, माझी पोर पळवली! आन् पोरगा आमच्याच कुळातला. भावा-भनीचं लगीन कसं व्हईल?” बाहेर टेम्पोत त्याचे भाऊबंद काठ्या घेऊन बसलेले. दोन्ही घरं एकाच कुळदेवाला पुजायची, म्हणून कूळही एक, अशी वसाहतीत सगळ्यांची खात्री. पोरगा हाती लागला असता तर जिवंत सुटला नसता. मी आधी टेम्पोची चावी ताब्यात घेतली.

तेवढ्यात मंचरच्या स्टँडवरून खबऱ्याचा फोन आला. जोडपं धरणाकडच्या जीपमध्ये बसलं होतं. मी उडालोच! पळालेली जोडपी पुणे-मुंबई गाठतात. ही दोघं उलट डोंगराकडे कशाला? बापाला, एका हवालदाराला आणि महिला शिपायाला गाडीत घातलं आणि सुटलो. जलाशयापाशी लाँच निघायच्या बेतात होती. हवालदारानं शिट्टी मारमारून ती थांबवली आणि आम्ही चढलो.

पलीकडच्या काठावर एका झोपडीच्या अंगणात दोघं सापडली. समोर पोराची चुलत आजी हिरडा फोडत बसलेली. धरण झालं तेव्हा ही बाई वसाहतीत गेलीच नव्हती. महिला शिपायासमोर मी मुलीचा जबाब घेतला.

“मी सज्ञान हाय. माझ्या मर्जीनं आले.”

कायद्यानं केस तिथंच संपली. पण पोर रडायला लागली. “सायेब, आमी खरंच भाऊ-भन असू तर? तेच आजीला इचारायला आलोय. ती व्हय म्हनली तर मी बापासंगं माघारी जाईन.”

मी म्हातारीकडे वळलो. म्हातारी बापाकडे बघून हसली. “येडा का खुळा रं तू? देव दोन व्हते. पानी आलं तवा तुमचा वर काढून वसाहतीत नेला, आमचा खालीच पान्यात ऱ्हायला. मंग आमच्या पोरांनी डोकं कुठं टेकायचं? टेकलं तुमच्याच देवापुढं. आरं, तुझी बाळंतपणात गेलेली आत्या आमच्याच घरात दिली व्हती!”

बापानं कपाळावर हात मारला. “तिच्या लग्नात मीच करवला व्हतो की! चार-पाच वरसांचा. घर कंचं, ते ध्यानातच ऱ्हायलं न्हाई.”

वाटलं, टोपी हवेत उडवावी! धरणानं घरं आणि शेतं घेतली, हे नोकरीत रोज ऐकत होतो. देव बुडाला की दोन कुळांची पोरं भाऊ-बहीण ठरतात, हे त्या अंगणात कळलं. पुढं विस्थापित माणूस ठाण्यात आला की मी आधी त्याचं बुडालेलं गाव विचारायचो.

लाँचकडे उतरताना बापानं म्हातारीला विचारलं, “तुमचा देव कुठशी?” तिनं पाण्याकडे हात केला. त्यानं वहाणा काढल्या, काठापाशी गेला आणि व्याह्यांच्या देवाला हात जोडले.