मेंढीच्या बुटांतली सोयरीक

हसणार नाही असं वचन कुणी देऊ नका, ते पाळणं जमणार नाही. चंदगड तालुक्यातलं एक अख्खं गाव मला हसून मोकळं झालंय, त्यात तुमची भर पडली तर माझं काय जाणार आहे? फक्त हातातला कप आधी खाली ठेवा.

आमचं कोल्हापुरात चपलांचं दुकान, आजोबांनी काढलेलं. म्हणजे पायताण या विषयात मला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत. वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, "थोडं दिस चावंल, मग तुमची हुईल." मीही तेच सांगत आलो. चप्पल नवी असताना चावली पाहिजे आणि चालताना करकर वाजली पाहिजे. जे चावत नाही आणि वाजत नाही, त्याला आम्ही पायताण म्हणतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढं यानंच माझा घात केलाय.

तर आमची प्राजू, एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला आहे. ऑफिसच्या कामानं ती परदेशात गेली आणि येताना माझ्यासाठी बूट घेऊन आली. सकाळी उठलं की माझ्या टाचा दुखतात ना, म्हणून. मेंढीच्या कातड्याचे बूट! बाहेरून मऊ, तांबूस, पोटरीपर्यंत उंच, आणि आत सगळी लोकर.

मी आधी नाक मुरडलं. चपलवाल्याच्या घरात परकं पायताण? गल्लीत तोंड कसं दाखवू? बायको म्हणाली, पोरीनं एवढ्या लांबून आणलंय, एकदा पाय तरी घाला. घातला.

आणि मंडळी, पाय गेला कुठं तेच कळेना! कोमट साईत बुडवावा तसं वाटलं. जी टाच रोज सकाळी फरशीवर टेकताना माझा जीव काढायची, ती एकदम गप्प. मी खुर्चीतच बसून राहिलो. जन्मभर आम्ही कातडं ठोकलं, वाकवलं, त्याला तेल पाजलं, आणि या लोकांनी काय केलं? मेंढी उलटी केली! लोकर बाहेर होती ती आत घेतली, झालं. एवढी साधी गोष्ट आमच्या तीन पिढ्यांत कुणाला सुचू नये?

दुसऱ्या दिवशी ते दुकानात नेले आणि गिऱ्हाइकाचे पाय दाखवायच्या बुटक्या आरशापुढं उभा राहिलो. काय रुबाब सांगू! पोटरीला भरदार घेर, घोट्यापाशी एक ढिली घडी, एखाद्या संस्थानिकाचा पाय वाटावा. बायको म्हणाली, पायाला उशा बांधल्यागत दिसतंय. तिला त्यातलं काय कळतंय?

तेव्हापासून ते बूट घरात माझ्या पायातच असायचे. झोपताना आणि देवापुढं तेवढे काढायचे, हा बायकोचा कायदा.

अशात चंदगडला जायचं ठरलं. प्राजूनं तिच्या ऑफिसातला रोहित पसंत केला होता. पोरगा सोन्यासारखा, पण त्याचे वडील शंकरराव भारी कडक. भातशेती, काजूची बाग, आणि स्वच्छतेचं तर वेडच. त्यांनी होकार दिला तरच गाडी पुढं. ते आधी मुलीच्या आईवडिलांना बघणार होते. आदल्या दिवशी प्राजूचा फोन आला. रडवेली झाली होती. म्हणाली, "आण्णा, तुम्ही तिथं काही बोलू नका. काही करूही नका. नुसते बसा."

माझा बेत चोख होता. थंडीचे दिवस, एसटीचा लांबचा प्रवास, म्हणून पायात बूट घालायचे. पिशवीत दुकानातली सगळ्यात देखणी, नवीकोरी जोडी घ्यायची. त्यांचं घर दिसायला लागलं की बूट पिशवीत आणि चप्पल पायात. चपलवाला पावणा कसा करकर वाजत दारात गेला पाहिजे!

एसटीतून उतरलो आणि पिशवीतल्या चपला हातात काढून घेतल्या. आता बदलू, त्या झाडापाशी बदलू, असं करत चालत राहिलो. त्या उबेतून पाय बाहेर काढवेना हो. तोवर शंकरराव अंगणाच्या कडेला दत्त म्हणून उभे. पावणं येणार म्हणून अंगण नुकतंच सारवलेलं. बायको पिशव्या घेऊन बायकांबरोबर मागच्या दारानं गेली. मी शंकररावांच्या मागोमाग अंगणातून दाराशी आलो. त्यांनी पायातलं काढलं. मीही वाकलो, हातातली चप्पलजोडी उंबऱ्याबाहेर नीट जुळवून ठेवली आणि आत गेलो.

लक्षात आलं का काय झालं? चप्पल दाराबाहेर ठेवली म्हणजे पायताण काढलं, ही जन्माची सवय. पायात काही चावत नव्हतं, काही वाजत नव्हतं, म्हणजे पाय मोकळे! मेंढी मी साफ विसरलो होतो.

रोहितच्या आईनं पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. मी हात धुतले, चूळ भरली आणि म्हणालो, थंडी फार आहे वहिनी, पाय राहू देत. त्या बघतच राहिल्या.

आत सतरंजीवर मी मांडी घातली. समोर शंकरराव बसले. त्यांची नजर माझ्या मांडीवर खिळलेली. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस आहे, खाली बघून बसायची रीत असेल. मला पोरीनं गप्प बसायला सांगितलेलं, म्हणून मी गप्प. आणि ते का गप्प, हे मला काय माहीत?

तेवढ्यात शेजारचा एक माणूस धापा टाकत आला. म्हणाला, "शंकरराव, अंगणात ही एवढाली पावलं उमटल्यात. बोटं न्हाईत, नखं न्हाईत, नुसती गोल. हत्तीचं पिल्लू आलतं का काय?"

त्या भागात हत्ती येतात, उभं भात तुडवून जातात, हे मी ऐकून होतो. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, आधी दार लावून घ्या. शंकरराव जागचे हलले नाहीत.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "चा पिऊन जाईल त्ये."

काय धीराचा माणूस! मी मनात म्हटलं, अशा घरात माझी पोर सुखात राहील.

मग चहा आला. चहाबरोबर आमची बायको बाहेर आली आणि माझ्याकडं बघून दारातच थिजली. डोळे एवढे मोठे. ओठ हलत होते, आवाज नाही. मी नीट बघितलं. ती म्हणत होती, पाय, पाय.

खरंच की! आल्यापासून मी देवाच्या पाया पडलो नव्हतो. बायको म्हणजे बायको, सगळं ध्यानात ठेवते. तडक उठलो आणि देवघरात गेलो. पोरीच्या जन्माचा प्रश्न, नुसते हात जोडून कसं भागेल? साष्टांग घातला. म्हणजे कपाळ देवाकडं आणि बुटांचे दोन्ही तळ, ओल्या शेणासकट, सगळ्या घराकडं.

मागं चिडीचूप झालं. मला वाटलं, माझी भक्ती बघून लोक गहिवरले.

निघताना शंकरराव एवढंच म्हणाले, कळवतो. "कळवतो" म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला समजावून सांगावं लागत नाही. प्राजूला काय सांगू? मी तर काही बोललो नव्हतो, काही केलं नव्हतं, नुसता बसलो होतो. तसाच उंबऱ्यापाशी आलो आणि चपलेत पाय घातला.

पाय शिरेना. अंगठा शिरेना. जोर लावला, टाच आपटली, दाराची चौकट धरली. सगळं घर बघतंय, आणि चपलवाल्याची चप्पल चपलवाल्याच्याच पायात जाईना! तिथं मात्र माझा संयम सुटला. मी त्यांना समजावून सांगायला लागलो, की तुमच्याकडची हवा ओली, असल्या हवेत कातडं आखडतं, यात माझ्या मालाचा काही दोष नाही, माझ्या आजोबांपासून आम्ही यातच आहोत. चांगलं लांबलचक बोललो.

शंकररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कातडं आखडलं न्हाय, पावणं. आदी पायातलं काढा की."

मी खाली बघितलं.

धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेलो असतो. ती पावलं, ती नजर, तो साष्टांग, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. बायकोनं तोंडाला पदर लावला होता. हसत होती का रडत होती, देव जाणे. मी तिथंच बसून बूट काढले आणि हात जोडले. म्हणालो, "माझ्या येडेपणाची शिक्षा पोरीला देऊ नका. माझ्या टाचा दुखतात म्हणून तिनं आणलं हे. इतकं मऊ हाय की पायात हाय ह्येच कळलं न्हाय."

"पायातलं कळत न्हाय व्हय कधी?" शंकरराव म्हणाले. "बघू."

भाताच्या चिखलात आयुष्य गेलेले पाय ते. टाचांना बोटभर भेगा. त्यांनी एक पाय घातला, मग दुसरा. उभे राहिले आणि डोळे मिटले. ओसरीवर त्यांनी एक फेरी मारली, अगदी हळू, देवळात चालावं तशी. मग आणखी एक. आणि पुढची फेरी सरळ घरात, माजघरातून थेट देवघरापाशी.

आतून वहिनींचा आवाज आला, "अवो, पायातलं!"

मग शंकररावांचा आवाज आला, "खरंच कळलं न्हाय की गं."

मग जे हसणं सुरू झालं, ते शेजारच्या त्या हत्तीवाल्यापर्यंत पोचलं. शंकरराव बाहेर आले, पायात बूट तसेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीनं बापाच्या टाचंचा इचार केला न्हवं? आमाला पसंत हाय."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. बूट मी तिथंच ठेवून आलो. त्यांनी मागितले नाहीत, पण काढलेही नाहीत.

परत येताना मी नव्याकोऱ्या चपलेत करकर वाजत एसटीपर्यंत आलो. वाजत आलो, पण लंगडत. लोकरीत लाडावलेले पाय ते! दोन्ही अंगठ्यांना फोड, दोन्ही टाचा सोललेल्या.

दुसऱ्या दिवशी पायांना पट्ट्या चिकटवून, तीच नवी चप्पल घालून दुकानात बसलो. पन्हाळ्याकडची एक बाई चप्पल घालून बघत होती. तिनं विचारलं, चावणार न्हाय न्हवं? मी सवयीनं सांगून टाकलं, थोडे दिवस चावते, मग ती तुमची होते.

बाईनं माझ्या पायांकडं बघितलं, त्यातल्या चपलेकडं बघितलं, आणि हातातली जोडी खाली ठेवली.

"तुमची अजून झालेली दिसत न्हाय, मालक," ती म्हणाली.