बुडव्या मिस्त्री

आमच्या गावाला एक माणूस दर उन्हाळ्यात यायचा आणि चांगल्या धडधाकट होड्या पाण्यात बुडवून जायचा. लोक वर त्याला जेवू घालायचे. नाव लांबलचक होतं, पण आमच्या काठावर ते कुणी घेतलं नाही. सगळे बुडव्या मिस्त्री म्हणायचे. त्यांना त्याचा राग नव्हता. मोबाईल आल्यावर फोन करायचे तेव्हा स्वतःच सांगायचे, "बुडव्या बोलतोय."

आमचं गाव नेवासा तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. भादव्यात पाणी घराजवळ येतं आणि वैशाखात इतकं लांब जातं की धुणं घेऊन गेलेली बाई पार दुपारी परत येते. पाणी हटलं की होड्या उघड्या पडतात. लाकूड वाळतं, आकसतं आणि फळ्यांच्या मधे फटी पडतात. म्हणून उन्हाळा लागला की मिस्त्री होडीत दगड भरायला लावायचे आणि जिथं पाणी उरलं असेल तिथं ती बुडवून ठेवायचे. पाऊस पडला की दगड काढायचे, होडी वर. "होडीला पानी बुडवत न्हाई, ऊन बुडवतं," असं ते म्हणायचे. नव्या सुना हे बघून घाबरायच्या. मीही घाबरले होते. नवऱ्याला म्हटलं, हा माणूस शुद्धीवर आहे का?

मिस्त्री तिसगावचे. तिथं प्यायच्या पाण्याचे हाल, आणि हा माणूस होड्या करणारा. त्यांना पोहताही येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की उभे राहायचे आणि तिथून हुकूम सोडायचे. माझे मालक त्यांना चिडवायचे, "मिस्त्री, बसा की होडीत, तुमीच केलीय." मिस्त्री म्हणायचे, "म्हनूनच न्हाई बसत. मला आतलं सगळं म्हाईत हाय." त्यांचे वडील बैलगाड्या करायचे आणि आजोबा नदी पार करायच्या उतारावरच्या नावा. मधली पिढी सोडून हात आजोबांवर गेला होता. पाण्याची भीती कुणावर गेली होती ते त्यांनी सांगितलं नाही.

रस्त्यानं चालताना त्यांचं लक्ष बाभळीकडे असायचं. सरळ झाडाकडे बघायचे नाहीत. होडीच्या आतल्या बरगड्या वाकड्या लागतात, आणि सरळ लाकूड तासून वाकडी केलेली बरगडी पुढं मोडते. झाडानं स्वतःहून वाकवलेली फांदी पाहिजे. एकदा एसटीतून त्यांना अशी फांदी दिसली तर कंडक्टरशी भांडून माळावरच उतरले, आणि पुढं चार कोस चालत आमच्याकडे आले. आमच्या जावेचा थोरला जरा वाकड्या चालीचा होता. ती मिस्त्रींपुढे रडायला लागली की म्हणायचे, "राहू द्या वैनी. सरळ लाकडाला लई गिऱ्हाईक हाय. वाकड्याला एकच जागा आसती, पन ती त्याचीच आसती." त्या पोराला पुढं जागा सापडली की नाही ते विचारू नका. सापडली नाही. पण त्या बाईला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

आमची होडी त्यांनी वडिलांना मदतीला घेऊन केलेली पहिली होडी. धरण भरायच्या आधी जुनं गाव उठवलं, तेव्हा सासऱ्यांनी घराच्या सागवानी तुळया काढून बैलगाडीनं वर आणल्या. नवं घर पत्र्याचं झालं. तुळयांचं काय करायचं? मिस्त्री तेव्हा विशीतले. ते म्हणाले, होडी करा, आता पलीकडे जायला रस्ता राहिला नाही. ज्या पाण्यात घर गेलं त्याच पाण्यावर घराचं लाकूड फिरायला लागलं. हे ऐकून शहरातल्या लोकांना गहिवर येतो. मला येत नाही. तुळया जाड होत्या, म्हणून वापरल्या. पहिला खिळा मारायच्या वेळी सासऱ्यांनी नारळ आणला. मिस्त्री म्हणाले, "नारळ तुमी फोडा, बिस्मिल्ला मी म्हनतो. दोन्हीकडनं बंदोबस्त."

त्या होडीनं माणसं नेली, बाळंतिणी नेल्या, घोडेगावच्या बाजाराला पलीकडची शेरडं आणली. एकदा एक बैल मधेच उभा राहिला तर सगळी माणसं एका बाजूला पळाली आणि बैल शहाणा, जागचा हलला नाही, म्हणून होडी वाचली. मग रस्ते झाले, मोटारसायकली आल्या. मालक गेले. होडी काठावर लिंबाखाली पडली, आणि मीही तिच्याकडे बघितलं नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

सहा-सात वर्षांपूर्वी हायवेवरचा एक हॉटेलवाला आला. त्याला हॉटेलच्या दारात होडी ठेवायची होती, आत कुंड्या आणि लाईटच्या माळा. गिऱ्हाईकं फोटो काढतील म्हणाला. नवरात्रात नेतो. माझा मुलगा थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून मासे धरतो, त्याला होडीचं ओझंच होतं. तो लगेच हो म्हणाला. मीही काही बोलले नाही.

ही बातमी तिसगावला कशी पोचली माहीत नाही. आषाढात मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभे. पंचाहत्तरीचा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू. होडीपाशी गेले, अंगठ्याच्या नखानं फळी दाबली, वास घेतला. मग मला म्हणाले, "वैनी, लाकूड जित्तं हाय. मला एक पावसाळा द्या. पान्यावर आली तर तुमची, न्हाई आली तर कुंड्या लावा." त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मुलगा कुरकुरला, पण कबूल झाला.

दीड महिना ते ओसरीवर राहिले. कुजलेल्या तीन फळ्या बदलल्या, गंजलेले खिळे उपसले. फटी बोट जाईल एवढ्या होत्या. त्या भरायची त्यांची रीत अशी: जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या वळून वाती करायच्या, राळ आणि जवसाच्या तेलात भिजवायच्या आणि फटीत सैल बसवायच्या. वाती वळायचं काम माझं. मी त्या दाबून बसवायला गेले की ओरडायचे. "फट बुजवायची न्हाई वैनी. फटीला निस्ता धीर द्यायचा. बुजवायचं काम पानी करतं."

काम निम्मं झालं आणि डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. जाताना बजावून गेले, वाती वळून ठेवा, मी आल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका.

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलवाला आला. होडीच्या फटीत त्यानं दोन बोटं घातली आणि हसला. "आजी, यातून मासाच आत येऊन बसंल की. उगं म्हाताऱ्याला कशाला राबवता?" मुलगाही हसला. मला ते लागलं. घरात भोक दिसलं की मी लिंपते, जन्मभर तेच केलं. मी गावच्या सुताराकडून लाकडाच्या पट्ट्या कापून आणल्या, फटीत ठोकून बसवल्या आणि वरून भिंतीला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, दाबून भरली. चार दिवसांत होडी अशी गुळगुळीत झाली की हात फिरवला तर कुठं अडायचा नाही. पाणी काठाला आलंच होतं. आठ माणसं बोलावली आणि होडी पाण्यात ढकलली.

एक थेंब आत आला नाही. दोन दिवस मी गावात ताठ मानेनं फिरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काठावर धुणं धूत होते तेव्हा होडीतून आवाज आला. शेंग फुटावी तसा, पण मोठा. मग दुसरा. जाऊन बघते तर खिळ्यांची डोकी वर आलेली, बाजूची फळी ढेरी सुटल्यासारखी बाहेर, आणि दोन बरगड्या उभ्या चिरलेल्या. दुपारपर्यंत होडी काठाला टेकून बसली.

मिस्त्री दोन दिवसांनी आले, डोळ्याला काळा चष्मा. नेमका हॉटेलवालाही आला होता, मुलगा होता, दहा-पंधरा लोक होते. मिस्त्रींनी कुणाला काही विचारलं नाही. पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले, फळीवरून हात फिरवला, नखानं लांबी खरवडली. मग सरळ उभे राहून म्हणाले, "माझं चुकलं. फटी मी गच भरल्या." हॉटेलवाला म्हणाला, वय झालं चाचा, आता आराम करा. कुणीतरी म्हणालं, बुडव्यानं शेवटी खरंच बुडवली. लोक हसले.

मी तिथंच उभी होते. सरपंचाला तोंडावर बोलणारी बाई मी, पण त्या वेळी तोंड उघडलं नाही. आजवर ज्या गोष्टींची लाज वाटते त्यात ही वरची आहे.

मुलानं हॉटेलवाल्याला सांगितलं, टेम्पो आणा. तेव्हा मात्र मी म्हणाले, होडी माझ्या नवऱ्याची, त्याच्यामागं माझी. पोराला विचारून काय करता? होडी जाणार नाही. हॉटेलवाला म्हणाला, आजी, फुटकी होडी ठेवून काय करणार? मी म्हटलं, तुला काय करायचंय. एवढंच जमलं. चूक कुणाची ते तेव्हाही सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर मी चहा केला. मिस्त्रींनी बशीत ओतून निम्मा प्यायला आणि शांतपणे विचारलं, "वैनी, हरभरं भिजत घालताना तुमी डबा काठोकाठ भरून झाकन लावता का?"

इतकी वर्षं हरभरे भिजवले, आणि लाकूडही पाण्यात फुगतं हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या रात्रीपुरते राहून ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात परत आले. ऑपरेशन होऊनही एका डोळ्यानं अंधुक दिसायचं, दुसऱ्यानं फारसं नाही. बरगड्यांसाठी बाभळी शोधायला घोडेगावच्या रस्त्यानं माझ्या मुलानं मागून आणलेल्या टेम्पोत बसून गेले. झाडं मुलानं दाखवायची आणि त्यांनी फांदीला हात लावून हो-नाही म्हणायचं. चौदा झाडांना नाही म्हणाले. मुलगा वैतागून आला, पण संध्याकाळी जेवताना त्यानंच मला सांगितलं की पंधराव्या फांदीला हात लावताच म्हातारा लहान पोरासारखा हसला.

खिळे मुलानं मारले. फटी भरायला मी. मिस्त्री शेजारी बसून नुसतं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, सैल. आणखी सैल. एका दुपारी मला राहवलं नाही. विचारलं, मिस्त्री, गेल्या साली सगळ्यांसमोर माझं नाव का सांगितलं नाही? लोक तुम्हाला हसले.

ते म्हणाले, "लोकं हसून घरी जात्यात. मला डोळं न्हाई, काम तुमच्या हातानं करून घ्यायचं हुतं. तुमाला चारचौघात बोललो असतो तर हात भ्याला असता." मग माझ्या पुढची वात बोटानं चाचपून म्हणाले, "भ्यालेला हात फट गच भरतो, वैनी."

मी वात उपसली आणि परत सैल बसवली.

भादव्यात होडी पाण्यात घातली. घातल्याबरोबर गळायला लागली, संध्याकाळपर्यंत निम्मी भरली. लोक बघायला आले, परत हसले. मिस्त्री लिंबाखाली बसून तंबाखू मळत होते. सहाव्या दिवशी मुलानं पाणी उपसलं. सातव्या दिवशी परत थोडं उपसलं. आठव्या दिवशी मिस्त्रींनी वाकून आतून तळाला तळवा लावला, तो उलटा करून मला दाखवला. कोरडा होता. मुलानं त्याच दिवशी जाळं टाकायला थर्माकोल सोडून होडी नेली, आणि मिस्त्री ती दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभे राहिले. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. वल्ह्याचा आवाज ऐकत असतील.

निघताना सांगून गेले, पाच-सहा पावसाळे निघतील, पुढं तळ राहणार नाही. मग चुलीला घाला, पाणी तापवा, पण कुंड्या लावू नका. मी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एसटीत चढताना त्यांना पायरी दिसली नाही, कंडक्टरनं हात दिला. त्या थंडीत ते वारले. मी तिसगावला जाऊन आले. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं. वाती वळणारी वैनी ना, म्हणाली. घरी माझ्याबद्दल एवढंच सांगितलेलं होतं.

आमची होडी अजून आहे. आता काठावरचे लोक फटी भरायला मला बोलावतात, कारण दुसरं कुणी उरलं नाही. यंदा तीन होड्या भरल्या. त्यातली एक गळतेय, आणि होडीवाला रोज दारात येऊन उभा राहतो, आजी परत भरा म्हणतो. मी त्याला चहा देते आणि परत पाठवते. चारच दिवस झालेत. गळू दे.