एका शिंगाचा बोकड

सिनेमा सुरू होऊन अर्धा तास झाला तरी बोकडाचा पत्ता नव्हता. माझी सहा वर्षांची लेक दर दोन मिनिटांनी विचारत होती, तो कधी येणार. मी म्हणत होतो, येईल, आता येईल. तिच्या मांडीवर तिनंच काढलेलं त्याचं चित्र होतं. एका शिंगाचा बोकड, ढगांवरून जाणाऱ्या होडीत ऐटीत उभा. लहानपणी ज्या कार्टूनवर मी जीव टाकला, त्याचाच हा सिनेमा होता आणि गोष्टी तिला मीच सांगितल्या होत्या. कार्टूनचा नायक होडीवाला पोरगा, पण त्याचं तिला काही पडलेलं नव्हतं. ती बोकडासाठी आली होती.

खरं सांगायचं तर त्या कार्टूनचे पहिले दोन-तीन भागच मी डोळ्यांनी पाहिले. मग विजेचं वेळापत्रक बदललं आणि गावी, पिशोरला, आमच्या फीडरवर नेमकं कार्टूनच्या वेळी, रविवारी सकाळी भारनियमन आलं. शेजारच्या गावाचा फीडर वेगळा, तिथं लाईट असायची. दादा, माझा थोरला भाऊ, सायकल काढून तिकडं जायचा. सायकल एकच, रस्ता खडीचा, मी लहान. मी ओट्यावर बसून वाट बघायचो. दादा घामाघूम होऊन यायचा आणि चपला काढायच्या आधी अख्खा भाग करून दाखवायचा, पोराच्या आरोळ्यांसकट. बोकड नंतरच्या भागांत आला, असं त्यानंच सांगितलं. हा बोकड कधी बोलायचा नाही. नुसता रवंथ करायचा, आणि कुठंही दार बंद झालं की धडक मारून ते उघडायचा. मला तो सगळ्यात लाडका होता.

आज दादा विहिरीची जळालेली पाणबुडी मोटर वाइंडिंगला टाकायला शहरात आला होता. मोटर संध्याकाळी मिळणार होती. मी म्हटलं, चल सिनेमाला, पोरगी मोठे बाबा मोठे बाबा करतेय. त्यानं नाना सबबी सांगितल्या. क्रांती चौकात रिक्षा अडकली तेव्हा तर तो उतरून जायला निघाला होता. माझा स्वभाव तापट. मी त्याला गप्प बसवलं आणि ओढतच आणलं.

आता तो माझ्या शेजारी खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. ज्यानं सिनेमातून बोकड कापला त्याला कार्टून कळलंच नाही, असं मी त्याला दोनदा म्हणालो. मध्यंतर झालं तेव्हा लेकीचे ओठ थरथरत होते. तिला पॉपकॉर्न देऊन बाकावर बसवलं आणि दादाकडं गेलो. तो भिंतीला टेकून उभा होता.

"तो नाय येणार," दादा म्हणाला. "टीव्हीत बोकड नव्हताच."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं तू मला थापा मारल्यास, असं मी ओरडलोच. माणसं वळून बघायला लागली. लेकीसमोर माझं हसं केलंस, हेही ऐकवलं.

"मला त्या टीव्हीवाल्या घरात घेतलंच नाय," तो म्हणाला. "लई पोरं झाली म्हणून दार लावून घ्यायचे. मी खिडकीखाली बसून ऐकायचो. तिथं एका शिंगाचा बोकड बांधलेला असायचा."

मग दर रविवारी जायचास कशाला, मी विचारलं.

"तू वट्यावर बसलेला असायचा. रिकामा कसा येऊ?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली, आणि लेकीला काय सांगायचं ते कळेना. तेवढ्यात सिनेमा पुन्हा सुरू झाला.

शेवटी शेवटी होडीवाल्या पोराला लोखंडी दारामागं कोंडलं. लेकीनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली. आता येईल, ती पुटपुटली. मीही श्वास रोखला. सगळं माहीत असून मीही वाटच बघत होतो. पण पोराला किल्ली सापडली आणि दार धडकेशिवायच उघडलं.

लेक उभी राहिली. घरी चला, म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मलाही उठावंसं वाटत होतं. दादाला उठवायला मी वळलो.

दादा पुढं सरकून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. पडद्यावरचा पोरगा जुन्या कार्टूनमधलंच जे बोलत होता, ते दादा त्याच्या आधी बोलत होता, शब्दन् शब्द. डोळे मात्र पापणी न हलवता बघत होते.

लेकीनं माझी बाही ओढली. मी तिला मांडीवर घेतलं.

"बोकड बाहेर बांधलाय," मी तिच्या कानात म्हणालो. "आता बस. मोठ्या बाबांना बघू दे."