टायची उलटी गाठ

आमच्या गल्लीत माझ्या धाकट्या भावाला कोणी नावाने हाक मारत नाही. लहानथोर सगळे त्याला बॅरिस्टर म्हणतात. कोर्टाची पायरी त्याने जन्मात चढलेली नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सोमवार ते शनिवार ग्रीसने माखलेले निळे कपडे, आणि रविवार उजाडला की राखाडी कोट, त्याच कापडाचं जाकीट, रुंद पायांची पँट, छातीच्या खिशात घडीचा रुमाल आणि तोंड बघावं असे चकचकीत बूट. एवढा थाट करून साहेब जातात कुठे, तर बागेतल्या बाकावर बुद्धिबळ खेळायला. समोर बसणारे निवृत्त मास्तर चपला आणि चुरगळलेल्या शर्टात येतात, पण त्याचं याला काही नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला इस्त्री मात्र लागते, आणि ती करते मी.

आमचं इस्त्रीचं दुकान आईने सुरू केलं. ती गेल्यापासून मी चालवते. माझं निम्मं आयुष्य वाफेत गेलंय, आणि हा शहाणा मला शिकवतो. कोटाची कॉलर दाबायची नाही म्हणे, नुसती वळवायची. तिला फुगीर वळण राहिलं पाहिजे. पँटची क्रीज अशी हवी की माशी बसली तर घसरली पाहिजे. सगळ्यांत कहर म्हणजे मोज्यांचे पट्टे. गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे खाली घसरू नयेत म्हणून पोटरीवर बांधायचे, लवचीक, बारीक बकलांचे. पँटच्या आत, कोणालाही न दिसणारे. मी त्या पट्ट्यांवरून त्याची इतकी टिंगल केली आहे की शेजाऱ्यांनाही ती पाठ झाली. तो फक्त हसायचा आणि म्हणायचा, "ताई, कोणाला दिसत नसलं तरी मला माहीत असतं ना."

या सगळ्यात एका गोष्टीची मी कधी टिंगल केली नाही. ती म्हणजे टाय. गडद लाल, बारीक विणीचा, अस्सल रेशमी. भाऊ लिफ्टच्या कामाची परीक्षा पास झाला तेव्हा आईने तो आणला होता, मोठ्या रस्त्यावरच्या पुरुषांच्या कपड्यांच्या त्या जुन्या दुकानातून. दुकानाच्या काचेत टोप्या, काठ्या, कातडी हातमोजे मांडलेले असत. आई आयुष्यभर त्या काचेवरून नुसती जायची. त्या दिवशी ती इस्त्री करतानाच्या कपड्यांतच आत शिरली. घरात टाय बांधता येणारं कोणी नव्हतं, म्हणून गाठही तिथेच शिकून आली. मग भावाला आरशासमोर उभं केलं, मागून त्याच्या खांद्यांवरून हात घातले आणि त्याचे हात धरून गाठ शिकवली. माझ्या डोळ्यांसमोर ते दोघं अजून तसेच उभे आहेत.

गाठ मात्र उलटी होती. सगळ्यांची एकीकडे कलते, याची दुसरीकडे. पुढे याने पोशाखावरची पुस्तकं वाचली तेव्हा त्याला ते कळलं, आणि त्याने मला चित्र दाखवून सांगितलंही. जो माणूस बटणाच्या दोऱ्याच्या रंगावरून माझ्याशी भांडतो, तो गाठ सुधारेल असं मला वाटलं होतं. त्याने ती तशीच ठेवली. मीही का म्हणून विचारलं नाही.

या वर्षी त्या जुन्या दुकानाला काउंटरवर माणूस हवा होता. बॅरिस्टर कामावरून तसाच, ग्रीसच्या कपड्यांत, आत गेला. दुकानाचे मालक म्हणजे पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की रविवारी सायकल क्लबची जुन्या पोशाखातली फेरी आहे, तिच्यात या. नेटक्या पोशाखाचं बक्षीस देणारे तेच होते. मात्र त्यांचा एक नियम होता. ते निघताना कोणाकडे बघत नसत. नदीकाठचा रस्ता, टेकडीचा चढ, धूळ, घाम हे सगळं झाल्यावर शेवटी बघत. कपडे अंगावर चढवणं कोणालाही जमतं, ते अंगावर टिकवणारा माणूस मला हवा, असं त्यांचं म्हणणं.

इकडे लिफ्टच्या कंपनीने याला बढती देऊ केली होती, फोरमनची, पण दुसऱ्या गावात. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या रविवारीच. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, बढती घे. बोलले खरी, पण तो गेला तर संध्याकाळी घरात मी आणि इस्त्री एवढंच उरणार हे मला दिसत होतं, आणि ते मला अजिबात नको होतं.

रविवारी सकाळी घरात नुसती धांदल. तो एकटाच, पण चार माणसांची गडबड करत होता. रुमालाची घडी तीनदा मोडली. बुटांना चौथ्यांदा ब्रश. मी पँटची अशी क्रीज काढली की माझी मलाच दृष्ट लागावी. मलाही फेरीत ओढलं होतं. आईचा मोठ्या बटणांचा जुना लांब कोट चढवून मी माझी कपडे पोचवायची सायकल काढली, आणि सवयीने सुई-दोरा-कात्रीची पिशवी हँडलला अडकवली. सायकलवर बसताना मी त्याला पँटची क्लिप दिली, घोट्याशी लावायची. त्याने ती परत केली. क्लिप लावली की क्रीज मरते म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, चेन आहे. ऐकेल तर तो बॅरिस्टर कसला.

निघालो तेव्हा काय सुंदर दिसत होतं सगळं! टोप्या, गॅलिस, चौकड्यांचे कोट, एकाच्या खिशात साखळीचं घड्याळ, एका आजोबांच्या तोंडात न पेटवलेला पाइप. घंट्या वाजत होत्या, लोक खिडक्यांतून हात हलवत होते. माझा भाऊ पाठ ताठ ठेवून सायकल चालवत होता, टाय वाऱ्यावर उडत होता, आणि मी मागून बघताना मनात म्हणत होते की अरे, हा तर खराच देखणा आहे. इतकी वर्षं इस्त्री करून कपडे त्याच्या हातात दिले, पण ते घालून चाललेला तो मी कधी नीट पाहिलाच नव्हता. टेकडीचा चढ लागला तसा माझा दम गेला आणि त्याला चेव आला.

चढाच्या वर कापड फाटल्याचा आवाज आला. चेनने पँट पकडली होती. तो पडला नाही, पण थांबून पाय सोडवेपर्यंत पँटचा उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत फाटला, वर काळ्या तेलाचे पट्टे. बाकीचे पुढे निघून गेले. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि फाटक्या पँटकडे बघत राहिला. मी सुई काढली. तो म्हणाला, टाके दिसतील. मला वाटलं, संपलं. उद्या कंपनीला होकार जाणार. मी तोंडावर म्हटलं नाही, पण "क्लिप" हा शब्द माझ्या जिभेवर अगदी आला होता.

एवढ्यात तो ताडकन उठला. डोळे चमकायला लागले. जुन्या काळी सायकल चालवणारे लांब पँट घालतच नसत, ताई, असं घाईघाईने सांगू लागला. गुडघ्याखाली आटोपलेली विजार आणि खाली लांब मोजे, हाच खरा सायकलचा पोशाख! त्याने पँटचे दोन्ही पाय वर दुमडले. फाटकं आत गेलं, तेल आत गेलं, आणि खाली मोजे दिसले, पट्ट्यांनी ताणून बसवलेले, एक सुरकुती नाही. त्या पट्ट्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. फक्त दुमड गुडघ्याखाली घट्ट बांधायला काहीतरी हवं होतं. माझ्याकडे होता तो शिवणकामाचा दोरा, आणि तो भरदार कापडाला काय पुरणार?

त्याने टाय सोडला. हातावर घेतला. मला कात्री मागितली, घेतली, आणि त्याचा हात थांबला.

"तू काप," तो म्हणाला.

मलाही जमेना. एरवी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं बटण तोडताना मी मागचापुढचा विचार करत नाही. त्या टायवर कात्री ठेवली आणि आईची बोटं आठवली, गाठ सरळ करून वर सरकवणारी. मग म्हटलं, तिने हा पेटीत ठेवायला आणला नव्हता. एक घाव, दोन तुकडे. एक रुंद, एक बारीक. त्याने दोन्ही गुडघ्यांखाली ते बांधले, त्याला येत होती त्याच गाठीने, आणि आम्ही उतारावरून असे सुटलो की माझा कोट वाऱ्याने मागे फुगला. मी ओरडत होते, हसत होते, त्याला पुढे जा, पुढे जा म्हणत होते.

आम्ही पोचलो ते शेवटच्याच्या थोडे आधी. बक्षीस घड्याळवाल्याला मिळालं होतं. मालक रांगेतून फिरत उरलेल्यांना बघत होते. माझ्या भावापाशी आले, रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, मग खाली गुडघ्यांकडे. हळूहळू, काठीवर भार देत, ते वाकले आणि गाठीला बोट लावलं. बराच वेळ उठेचनात. मला वाटलं, म्हाताऱ्याची कंबर धरली.

"ही गाठ उलटी आहे," ते म्हणाले.

"हो," भाऊ म्हणाला.

"एक बाई आल्या होत्या दुकानात. हाच टाय. मला तीनदा गाठ बांधून दाखवायला लावली. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी समोर उभं राहून दाखवली, त्या बघून बघून आरशासारखी उलटी शिकल्या. हाक मारायला दारापर्यंत धावलो. तोवर त्या गेल्या होत्या." मालक सरळ झाले. "इतकी वर्षं तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"मला ठाऊक आहे. पुस्तकात बघितलं तेव्हाच कळलं."

"मग सुधारली का नाही?"

"आईने शिकवलीय."

मालक मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. मी आईच्या कोटाचं बटण मुठीत घट्ट धरलं होतं. माझं रडू बाहेर पडू नये म्हणून दुसरं काही हाताला लागलंच नाही.

"सोमवारपासून या," ते शेवटी म्हणाले. "तुमची राहू द्या तशीच. गिऱ्हाइकाला मात्र सुलटी शिकवायची."

घरी परतताना बॅरिस्टर हात सोडून सायकल चालवत होता आणि मी त्याला एकदाही रागावले नाही. संध्याकाळी मी टायचे दोन तुकडे धुतले, जोडले, आणि जोड वाफेने असा बसवला की कॉलरखाली कोणाला सापडू नये. सोमवारी सकाळी त्याने कंपनीला नकार कळवला, मग आरशासमोर उभा राहिला. शिवणीत थोडं कापड गेल्याने टाय जरा आखूड झाला होता. त्याने गाठ बांधली, आईची, आणि मला विचारलं की जोड दिसतो का.

"दिसत नाही," मी म्हटलं. मग इतक्या वर्षांत न म्हटलेलंही म्हणून टाकलं. "छान दिसतोस."

तो मोजे सारखे करायला वाकला. पोटरीवरचे पट्टे नीट बसलेत ना हे या वेळी मीच बघून घेतलं.