श्लोकाआधीचा शब्द

दिनकरशास्त्री गेल्याचा निरोप आला, तेव्हा देवळाच्या कर्ण्यावर त्याचेच स्तोत्र चालू होते. निरोप आणणारा क्षणभर गोंधळला. मी मात्र मनात म्हटले, हा गेला तरी पहाट याचीच राहणार.

संगमनेरच्या पाठशाळेत आम्ही दोघे एकाच गुरूंपुढे बसलो. श्लोकाचा अन्वय गुरुजी मला विचारीत, म्हणायला मात्र दिनकरला सांगत. त्याच्या कंठात प्रवरेचे पाणी होते, पण श्लोकांचा क्रम त्याच्या ध्यानात कधी राहिला नाही. म्हणून प्रत्येक श्लोकाचा पहिला शब्द मी त्याच्या कानाशी हळूच सांगायचा आणि श्रोत्यांनी माना डोलवायच्या त्या त्याच्यासाठी... असे आयुष्यभर चालले.

पुढे देवस्थानाने स्तोत्राची कॅसेट काढायचे ठरवले. भिंगारला रमेश नावाच्या तरुणाने ध्वनिमुद्रणासाठी नुकताच संगणक घेतला होता. त्याच्या खोलीत शेजारी शेजारी बसून, दोन माइकपुढे, आम्ही स्तोत्र म्हटले. पडद्यावर दोघांचे दोन ट्रॅक उमटले. ते ऐकून विश्वस्त म्हणाले, "एकच आवाज ठेवा, दिनकरशास्त्र्यांचा." रमेशने माझा ट्रॅक बंद केला आणि दिनकरच्या ट्रॅकमधून निघणारा आवाज तानपुऱ्यासह तिसऱ्या, कोऱ्या ट्रॅकवर उतरवायला घेतला. मी हात जोडून बसलो होतो. मन जोडलेले नव्हते. ऐकता ऐकता रमेश थांबला.

"गुरुजी, तुमचं कुजबुजनं यांच्या माइकमधी बी आलंय. दर श्लोकाआधी हाय. पुसू का?"

"पूस," मी म्हणालो. ठेवायचा तर कंठ ठेवावा, ही उष्टी कुजबूज कशाला?

"हात लावू नकोस," दिनकर म्हणाला. "ते गेलं तर पुढचं मला आठवायचं कसं?"

"आता मशिन म्हननार की, शास्त्रीबुवा. तुमी न्हाई."

"मग मशिनला तरी कोण सांगणार?"

रमेश हसला आणि कुजबूज राहिली. त्यानंतर रोज पहाटे लोक कर्ण्यापुढे हात जोडीत आणि दिनकरचे नाव घेत. माझा शब्द कोणालाच ऐकू येत नसे. मला मात्र तेवढाच ऐकू येई.

दिनकर गेल्यानंतर, परवा ऐन स्तोत्रात वीज गेली. कर्णा मुका झाला आणि मंडळी माझ्याकडे पाहू लागली. इतक्या वर्षांनी गाभाऱ्यासमोर मी एकटा होतो. क्रम माझा, कंठ माझा, माना डोलवणारेही माझे. मी पुढच्या श्लोकाचा पहिला शब्द उच्चारला... आणि सवयीने थांबलो, त्याने उचलावा म्हणून.