देऊळ आठला उघडतं

“तिकडे चालतं,” असं म्हणून ते चहाचे मोठमोठे भुरके मारायचे, आणि आम्ही हसायचो. तिकडे म्हणजे जपानात.

विक्रोळीच्या कारखान्यात ते फिटर होते, मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचो. ऐंशीच्या सुमारास नवं मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला आणि तीन महिने यांच्याच सोबतीनं राबला. निघताना म्हणाला, बायकोला घेऊन घरी या. असं आपल्याला बरेच जण म्हणतात, आपण मान हलवून विसरतो. यांनी ते मनावर घेतलं. निवृत्त झालो की नवराबायकोनं जायचं, असं ठरवूनच टाकलं.

मग तयारी सुरू झाली. कारखान्यातल्या सुताराकडून दोन काड्या तासून घेतल्या. त्यांनी भात खायला बसले की निम्मा टेबलावर. सुपरवायझरला कमरेतून वाकून नमस्कार करायचे. तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून बघत राहायचा.

“पाहुणे म्हणून जायचं तर त्यांची रीत यायला नको?” ते म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, वहिनींना, काळजी वेगळीच. मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो की चहा देताना विचारायच्या, “भावजी, तिथं बुद्धाच्या देवळात आपल्याला आत सोडतील ना?”

लहानपणी गावातल्या देवळाच्या बाहेरूनच परत फिरलेल्या त्या. बौद्ध होऊन पंचवीस वर्षं झाली होती, इथल्या विहारात नेमानं जायच्या. पण परक्या मुलखातल्या देवळाचा काय भरवसा?

शेवटी मी त्यांच्या वतीनं इंजिनिअरला पत्र लिहिलं. हा प्रश्न इंग्रजीत कसा मांडावा, मला बराच वेळ सुचेना. महिन्याभरानं उत्तर आलं: तुमचा प्रश्न नीट कळला नाही, पण आमच्या गावचं देऊळ सकाळी आठला उघडतं. वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

पुढच्याच वर्षी काविळीनं त्या गेल्या. यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

ते एकटेच जाऊन आले. आल्यावर इंजिनिअरच्या आईनं केलेलं जेवण, गरम पाण्याची अंघोळ, सगळं सांगितलं. देवळाचं नावच काढेनात. मीच विचारलं.

“दारापर्यंत गेलो,” ते म्हणाले. “तो हाताला धरून आत चला म्हणत होता. एकट्याला पाय उचलवेना रे.”

पुढे क्वार्टर सोडून ते मुलीकडे नांदेडला गेले. जाताना जपानातला एक फोटो मला देऊन गेले. देवळाचं दार सताड उघडं आहे आणि ते पायरीवर उभे आहेत, अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.