परबकाकूंची अभ्यासिका

परबकाकू गेल्या. अभ्यासिकेला अजून कुलूप आहे.

दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या, कारण काकूंना दुसरीच जास्त लागली असती.

मुलुंडच्या चाळीत त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. स्वतः सातवी शिकलेल्या. पण एका खोलीत सहा माणसं आणि वर टीव्ही चालू असताना पोरांनी अभ्यास कुठे करायचा, ही काळजी चाळीत सगळ्यांत जास्त त्यांनाच.

चाळीमागे पालिकेची अभ्यासिका होती. चार लांब टेबलं, दोन पंखे. माझं बीकॉमपर्यंतचं सगळं शिक्षण तिथेच झालं.

मी दहावीत असताना ती अचानक बंद झाली. म्हणे, ऑफिसचं जुनं सामान ठेवायचंय.

काकू आम्हा आठ-दहा मुलांना घेऊन सरळ वॉर्ड ऑफिसात गेल्या. साहेबांच्या केबिनबाहेर आम्हाला बसवलं.

"वह्या काढा. गणितं करा."

शिपाई धावत आला. "बाई, हे काय चाललंय?"

"अभ्यास. तुमचं सामान आमच्या जागेत, म्हणून आम्ही तुमच्या जागेत. आवाज करू नका हां, पोरांची परीक्षा आहे."

तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी अभ्यासिका उघडली.

देवाशप्पथ सांगते, त्रिकोणमिती मला पहिल्यांदा त्या ऑफिसच्या फरशीवर बसून कळली.

मग नोकरी, लग्न, बोरीवली. काकूंचा फोन आला की मी बिझी असायचे. खरंच असायचे की नाही, आता आठवत नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"गो, अभ्यासिका परत बंद केली. रिपेअरिंग म्हणतात, पण एक माणूस कामाला दिसत नाय. सोमवारी येशील? तू शिकलेली, साहेबाशी नीट बोलशील."

"काकू, आता जायला लागत नाही. मी ऑनलाइन कम्प्लेंट टाकते ना."

टाकली. चार-पाच दिवसांत मेसेज आला, तक्रारीचं निराकरण झालं आहे.

मी खुशीत काकूंना कळवलं. बघा, घरबसल्या काम झालं!

दुसऱ्या दिवशी काकू दुखरे गुडघे घेऊन, भर उन्हात, चाळीतल्या मुलांसोबत तिथे गेल्या. दाराला तेच कुलूप.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता झापतील. त्या हसल्या.

"तुझ्या मोबाइलात उघडली असेल गो. इकडे नाय उघडली. आता तरी सोमवारी ये."

मी म्हटलं, महिनाअखेर आहे काकू, पुढच्या आठवड्यात नक्की.

पुढच्या आठवड्यात मी आले. काकूंचं शेवटचं दर्शन घ्यायला.

सगळे स्मशानातून परतल्यावर चाळीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. यंदा बारावीला आहे.

"ताई, काकूंनी तुमचा नंबर देऊन ठेवलाय मला. म्हणाल्या, मला बरं नसलं तर हिला फोन कर, ही नक्की येते."

मला तिच्याकडे बघवेना.

काकू, कशाच्या जोरावर सांगितलंत हो तिला असं? मी तर एकदाही आले नव्हते.

एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतंत. तुमचा आवाज ऐकावासा वाटतो. फार वाटतो.

परबकाकूंना मनापासून, रडतरडत, शेवटचा नमस्कार.